रिसबूडकाका आणि सतरा जणी

रिसबूडकाकांची आणि माझी ओळख अंगठ्याने झाली.

ॲरिझोनातल्या चँडलरला आम्ही घर घेतलं त्याच आठवड्यात, दोन घरं सोडून राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने चहाला बोलावलं. मी आणि माझी बायको मानसी गेलो. दार उघडलं ते सत्तरीकडे झुकलेल्या एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी. हातात आरशासारखी घासलेली लोखंडी पट्टी.

"अंगठा," ते म्हणाले.

"अं?"

"इथे दाब. दहा सेकंद."

मी दाबला. मानसीनेही दाबला. त्यांनी मार्करने आमची नावं आणि तारीख पट्टीवर लिहिली, पट्टी काळजीने कपाटात ठेवली आणि मग म्हणाले, "या, बसा. मी अच्युत रिसबूड. चहात आलं चालतं ना?"

आठवड्याने त्यांचा फोन आला. "तू गंजवणारा निघालास."

"म्हणजे काय, काका?"

"काही माणसांच्या घामात मीठ जास्त असतं. तुझा अंगठा पट्टीवर तांबडा उमटलाय, रेषांसकट. तुझ्या बायकोचा स्वच्छ आहे. तिने हात लावला तर हरकत नाही. तू आपला लांबून बघत जा."

लांबून बघायच्या त्या वस्तू म्हणजे सतरा जुन्या लष्करी रायफली. कुठल्या कुठल्या देशांच्या सैन्यांनी पन्नास-पन्नास वर्षं वापरलेल्या, मग ग्रीस फासून गोदामांत टाकलेल्या आणि शेवटी अमेरिकेत विकायला आलेल्या. काका धातूंचे इंजिनियर. आयुष्य चिप बनवणाऱ्या कारखान्यात गेलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू बनवून कंटाळलो, म्हणून रिटायर झाल्यावर खांद्यावर घेता येईल असं काहीतरी धरलं, असं ते सांगत.

आणि हा माणूस शुद्ध शाकाहारी. घरात विंचू निघाला तर त्याच्यावर पेला उपडा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि रस्त्यापलीकडच्या मोकळ्या वाळूत सोडून यायचं. मी एकदा म्हटलं, "काका, चपलेने मारा की." ते म्हणाले, "त्याचं घर आहे रे. आपण नंतर आलो."

रायफलींबद्दल ते मुली बघायला गेल्यासारखे बोलत. "ही स्वीडनची. घराणं उत्तम, वळण चांगलं, पण नाकाने कांदे सोलते. जरा धूळ खपत नाही. ही रशियन बघ. रंगरूप बेताचं, आवाज मोठा, पण शब्दाला पक्की. चिखलातून काढून दे, तरी कामाला उभी." जुन्या रायफलीच्या सुट्या भागांवर एकच नंबर कोरलेला असतो. सगळे नंबर एक असले की ते खूश होऊन म्हणत, "पत्रिका जुळते." बोल्टवर दुसराच नंबर निघाला की आवाज खाली आणून, "हिचं दुसरं लग्न आहे. पण संसार बरा चाललाय."

प्रत्येकीचं एक पान असलेली त्यांची जाडजूड वही होती. वजन, लांबी, नेम किती इंच डावीकडे जातो, लाकूड कुठलं, चरा कुठे. घोडा ओढायला किती जोर लागतो ते मोजायला त्यांनी मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला होता. अख्ख्या आयुष्यात त्यांनी त्या काट्याला मासा लावला नाही.

त्यांच्या बायकोचं, शालनकाकूंचं, या सगळ्याबद्दलचं मत ठरलेलं होतं. चहा देताना त्या सांगत, "लोकांना एक सवत असते. मला सतरा. आणि सगळ्यांना तेल मीच आणून द्यायचं." पण नव्या रायफलीचं खोकं आलं की ते उघडायला कात्री घेऊन पहिल्या याच.

काकूंच्या गाडीची गोष्ट आमच्याकडे अजून निघते. गोदामातल्या रायफलीच्या लाकडात ते जुनं ग्रीस अगदी आतपर्यंत मुरलेलं असतं. ते काढायला उष्णता लागते, आणि ॲरिझोनात जूनमध्ये उष्णता फुकट. काका लाकूड काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून काकूंच्या बंद गाडीत मागच्या सीटवर ठेवत. दुपारी आत भट्टी व्हायची, ग्रीस घामासारखं पाझरायचं. एकदा पिशवी फुटली. पुढे दोन वर्षं त्या गाडीला रणगाड्याचा वास येत होता. काकू त्याच गाडीतून हळदीकुंकवाला जात. कुणी नाक मुरडलं की शांतपणे म्हणत, "आमच्या ह्यांची बल्गेरियाची आलीय."

खंडेनवमीला तर त्यांच्याकडे गर्दी व्हायची. बाकीचे आम्ही लॅपटॉपला आणि गाडीच्या किल्लीला फूल वाहून मोकळे होणारे लोक. चँडलरच्या मराठी मंडळींत खरीखुरी शस्त्रं एकाच घरात. काका हॉलमध्ये पांढरी चादर अंथरून सतरा जणींना ओळीने झोपवत. काकू इंडियन स्टोअरमधून झेंडू आणत. पण फूल थेट ठेवायचं नाही, देठ ओला असतो. हळदकुंकू लावायचं नाही, गंज धरतो. म्हणून काकांनी प्रत्येकीपुढे मेणकागदाचा चौकोन ठेवलेला, हळदकुंकू त्याच्यावर. एका वर्षी पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी सवयीने पळीभर पाणी शिंपडलं. काकांनी मंत्र थांबवले, हेअर ड्रायर आणला आणि सगळ्या वाळल्यावर म्हणाले, "हं, चालू द्या."

नेमबाजीच्या रेंजवर ते दर शनिवारी सकाळी जात. मी दोन-तीनदा सोबत गेलो. गाडीत ताकाची बाटली आणि दडपे पोह्यांचा डबा. गोळ्या मोजक्याच झाडायच्या, बाकी वेळ शेजारच्यांच्या रायफली बघायच्या. तिथले म्हातारे अमेरिकन त्यांना ओळखत. काका एखाद्याजवळ जाऊन अदबीने विचारत, "सर, ही तुमच्याकडे कुणाकडून आली?" मग तो माणूस आपल्या वडिलांबद्दल, मामाबद्दल बोलत बसायचा. काका मान हलवत ऐकायचे आणि घरी येऊन लिहून ठेवायचे.

तीन वर्षांपूर्वी शालनकाकू गेल्या. स्वयंपाकघरात चक्कर आली आणि त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये सगळं संपलं. मुलगी बॉस्टनहून आली, तीन आठवडे राहिली, "बाबा, माझ्याकडे चला," म्हणाली. काकांनी नको म्हटलं.

आम्ही सगळ्यांनी जे करायचं ते केलं. डबे दिले. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून कुणाचा डबा कुठल्या वारी ते ठरवलं. "काका, काही लागलं तर सांगा," असं प्रत्येकजण म्हणाला. काकूंचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. त्यांना त्रास होईल असं आम्हाला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आमचीही पंचाईत व्हायची. मग आम्ही हवेबद्दल बोलायचो. चँडलरच्या हवेबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. ऊन असतं.

काकांनी रेंज सोडली. खंडेनवमी सोडली. मी गेलो की टीव्ही बंद करत, आणि मी निघालो की परत लावत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचा सकाळी फोन आला. "तुला जर्मन येतं का?"

"नाही."

"कंप्यूटरला येत असेल ना? ये."

डायनिंग टेबलावर एक स्विस रायफल आडवी होती. कित्येक वर्षांपूर्वी घेतलेली. त्या दिवशी सहज त्यांनी तिच्या दस्त्याची मागची लोखंडी पट्टी उघडली होती. आत, लाकूड आणि लोखंड यांच्या मध्ये, घडी घातलेला छोटा कागद. टाइप केलेलं एका शिपायाचं नाव, जन्मसाल आणि डोंगरातल्या एका गावाचा पत्ता.

"त्यांच्याकडे ही पद्धत होती म्हणे," काका म्हणाले. "रायफल हरवली तर कुणाची ते कळावं. वेर्नर नाव आहे. जिवंत असेल तर नव्वदीचा असेल." त्यांनी कागद उलटून बघितला. "इतकी वर्षं माझ्या कपाटात आहे आणि मी उघडून बघितलं नाही."

आम्ही पत्र लिहिलं. काका इंग्रजीत सांगत, मी कंप्यूटरकडून जर्मन करून घेई. 'आपली रायफल माझ्याकडे सुखरूप आहे. कोरड्या हवेत आहे. काळजी नसावी.' एखाद्या मुलीच्या सासरहून लिहिल्यासारखं पत्र. पत्ता जुना, माणूस असेल की नाही ठाऊक नाही. मी मनात म्हटलं, चला, काकांचा एक दिवस बरा गेला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. वेर्नर बारा वर्षांपूर्वी वारले होते. पत्र त्यांच्या बायकोचं होतं, रोझमारीचं. थरथरत्या हाताने लिहिलेलं, सोबत नातीने केलेलं इंग्रजी भाषांतर. 'ती अजून डावीकडे मारते का? तो जन्मभर तक्रार करायचा.'

काकांनी वही उघडून मला पान दाखवलं. 'दोन इंच डावीकडे.' मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पत्रं सुरू झाली. काका त्यांना रोझमारीबाई म्हणत. आणि मग नातीने सुचवलं की व्हिडिओ कॉल करू या. आमची रविवारची सकाळ, त्यांची संध्याकाळ.

मी लॅपटॉप घेऊन गेलो तर काकांनी टाय बांधला होता. तिकडे पडद्यावर पांढऱ्या केसांची छोटीशी बाई, खांद्यावर लोकरी शाल, शेजारी तिशीची नात. बाई जर्मन बोलत, नात इंग्रजीत सांगे.

काकांनी रायफल दोन्ही हातांवर धरून दाखवली. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट पुढे करून काही म्हणाल्या आणि हसल्या.

"आजी म्हणतेय, खालचं लाकूड केवढं ठेचलेलं आहे बघा," नात म्हणाली. "आजोबा दारात उभे राहून बुटांवरचा बर्फ त्यानेच झाडायचे. ती रोज ओरडायची."

काका गंभीर झाले. "मी वहीत 'निष्काळजी मालक' असं लिहिलंय," ते म्हणाले. "आय ॲम सॉरी. मी खोडतो." आणि त्यांनी खरंच वही आणून खोडलं. कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं.

बाई म्हणाल्या, तिकडे शिपाई रायफल घरीच ठेवत. त्यांच्या लग्नातल्या चादरींच्या कपाटात ती तीस वर्षं उभी होती. मग त्यांनी काहीतरी विचारलं. नात जरा घुटमळली.

"आजी विचारतेय, तुमची पत्नी कशी होती?"

मी टेबलाकडे बघत बसलो.

"शी वॉज अ व्हेरी गुड..." काका म्हणाले आणि थांबले. परत सुरुवात केली. "शी वॉज..." मग त्यांनी रायफल हळूच टेबलावर ठेवली आणि मराठीत बोलायला लागले.

"सांगलीला कॉलेजात परेड सक्तीची होती. वर्षातून एकदा फायरिंग. माणशी पाच गोळ्या. शेजारच्या लेनला मुलींचं पथक. माझ्याशेजारी शालन जोशी आडवी पडलेली, दोन वेण्या टोपीत कोंबलेल्या. मी तिच्याकडे बघत होतो, नेमाकडे नाही. टार्गेटं आणली तर माझ्या कागदावर चार भोकं आणि तिच्या कागदावर सहा. सुभेदार म्हणाला, पाच गोळ्यांत सहा भोकं कशी? मला वाटलं, आता ही मला सगळ्यांसमोर धुणार. तर ती म्हणाली, साहेब, एक माझं नाही, पण राहू द्या. सगळ्यांत मधोमध तेच आहे."

नातीने भाषांतरासाठी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या बाईंनी नातीच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. नको.

काका बोलत राहिले. काकू फोनिक्सला पहिल्यांदा उतरल्या तेव्हा विमानतळाबाहेर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, कुणीतरी ओव्हनचं दार उघडं ठेवलंय. त्यांना गाडी शिकवताना दोघांचं चार दिवसांचं भांडण झालं होतं. त्या झोपेत पाढे म्हणत. शेवटच्या सकाळी त्यांनी फोडणी दिली आणि गॅस बंद करून मगच खाली बसल्या. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो. सहा वर्षं काकूंच्या हातचा चहा प्यायलो होतो.

पाऊण तास झाला असेल. बाईंना त्यातला एक शब्द कळला नसणार, पण त्यांनी एकदाही नजर हटवली नाही. काका थांबले तेव्हा त्यांनी शालीच्या टोकाने डोळे टिपले आणि हळू आवाजात नातीला काही सांगितलं.

"आजी म्हणतेय," नात म्हणाली, "पुढच्या रविवारीही तिला हीच वेळ सोयीची आहे."

काकांनी टायची गाठ सैल केली आणि माझ्याकडे वळले. "रविवारी तुझं काही काम नाही ना रे?"

आमचं फ्लॅगस्टाफला जायचं ठरलं होतं, हॉटेलसुद्धा बुक झालं होतं.

"काही नाही, काका," मी म्हटलं, आणि घरी येऊन कॅन्सल केलं.