पोट भरलं की उठणारं डुक्कर

सात नंबरचं डुक्कर लठ्ठ होत नाही, ही गंभीर बाब संचालकांच्या निदर्शनास आणून देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. संस्थेत मी हंगामी सहायक होतो. हंगामी म्हणजे वाईट बातमी द्यायला ज्याला आत ढकलतात तो.

आमच्या संशोधनाचा विषय साधा होता. माणसं जे अरबटचरबट खातात ते डुकराला खाऊ घालायचं, ते लठ्ठ झालं की त्याला सर्दीतापाचे जंतू द्यायचे आणि लठ्ठपणामुळे आजार किती बळावतो ते मोजायचं. शेवटी ‘अंतिम तपासणी’. म्हणजे डुकराला भूल द्यायची, ती उतरू द्यायची नाही, आणि उघडून आत काय काय झालंय ते बघायचं. प्रकल्प यशस्वी झाला तर मी कायम होणार होतो. तसं लेखी काही नव्हतं, पण संचालक एकदा जिन्यात म्हणाले होते, आणि त्या जिन्यातल्या वाक्यावर मी तीन वर्षं काढली होती.

सात नंबर म्हणजे आधीची सहा कुठे, असं पाहुणे विचारायचे. आधीची सहा कधीच आली नाहीत. एक ते सहा कप्पे दुरुस्तीला काढलेले होते, म्हणून आलेलं एकुलतं एक डुक्कर सातव्यात ठेवलं. अहवालात सरासरी काढताना मात्र सातही धरली जात.

“लठ्ठ होत नाही म्हणजे काय?” संचालकांनी विचारलं.

“खातं, साहेब. पण पोट भरलं की उठतं.”

“उठतं म्हणजे?”

“उठून कोपऱ्यात जातं. बिस्किटं, वेफर्स, केक, सगळं पुढ्यात तसंच. ढुंकूनही बघत नाही.”

संचालकांनी हातातलं बिस्किट चहात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. “समोर दिसत असताना उठतं?” त्यांचा आवाज खाली आला. “अहो, त्याला काहीतरी आजार असणार. डॉक्टरबाईंना दाखवा.”

डॉक्टरबाई आमच्या पशुवैद्य. बाईंचं बोलणं मोजकं. त्यांनी सात नंबरला तपासलं आणि सांगितलं, “ठणठणीत आहे. पोट भरतं म्हणून थांबतं.” हे कारण शास्त्रीय वाटत नसल्याने त्यांचा अभिप्राय ‘फेरविचारार्थ परत’ असा शेरा मारून परत गेला. बाईंनी फेरविचार केला आणि तोच अभिप्राय पुन्हा पाठवला.

मग बैठक बसली. चर्चेअंती असं ठरलं की अन्नात दोष नाही, खाणाऱ्याच्या परिस्थितीत आहे. माणूस काही नुसत्या अन्नाने लठ्ठ होत नाही. त्याला अनुकूल वातावरण लागतं. तेव्हा सात नंबरला मानवी वातावरण पुरवावं, म्हणजे बिचाऱ्याला खायला हुरूप येईल.

आधी त्याच्या कप्प्यात सोफा ठेवला आणि समोर टीव्ही लावला. टीव्हीवर चौघेजण एकाच वेळी ओरडत होते. सात नंबरने थोडा वेळ पाहिलं, मग ते सोफ्यावर चढलं आणि झोपलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीची वायर चावलेली आढळली.

“नुसता आराम देऊन भागणार नाही,” संचालक म्हणाले. “त्याला काम द्या.”

आवक-जावक विभागात एक खुर्ची बरीच वर्षं रिकामी होती. सात नंबरला तिथे बसवलं. पण पद नसताना विभागात बसणं नियमबाह्य. तेव्हा ‘कनिष्ठ सहायक (वराह)’ असं पद निर्माण करून रीतसर मंजूर करून घेतलं. आता खोटं कशाला बोलू, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तीन वर्षं हंगामी, आणि डुक्कर पहिल्याच दिवशी कायम! मी तसं संचालकांना बोलूनही दाखवलं.

“अहो, ते शेवटी मरणार आहे,” ते समजुतीने म्हणाले. “तुमचं तसं काही ठरलेलं नाही ना?”

मी त्याच्या पदाच्या मंजुरीचा कागद फायलीला लावला.

दाराला कडी लावावी का, हा मुद्दा निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, माणसांच्या कार्यालयाला कोणी बाहेरून कडी घालत नाही. घातली तर परिस्थिती मानवी राहणार नाही. मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे दार सताड उघडं राहिलं, आणि सात नंबर दिवसातून अनेकदा उठून अंगणात जाऊ लागलं. त्याच्या मागे धावून त्याला परत आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. परिणामी वजन माझं थोडं उतरलं, त्याचं होतं तिथेच राहिलं.

माझी तर पाचावर धारण बसली. प्रकल्प बंद म्हणजे मी घरी. अशा वेळी आवक-जावक कारकून, जो एरवी शिंकेपलीकडे तोंड उघडत नसे, तो बैठकीत म्हणाला, “साहेब, त्याला आग्रह करायला कोणी नाहीये.”

 ज्याला त्याला आपापलं घर आठवलं असावं. एकाने नकळत पट्टा सैल केला.

“कोणाची आई मोकळी असते?” संचालकांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग पोटाकडे. पुराव्याची छाननी तिथल्या तिथे झाली आणि माझ्या आईची ‘मानद आग्रहकर्ती’ म्हणून एकमताने नेमणूक करण्यात आली.

आई पहिल्या दिवशी आली, खुर्चीसमोर उभी राहिली आणि गालावर हात ठेवून म्हणाली, “अगं बाई, किती वाळलंय हे! कोणी बघतं की नाही याच्याकडे?”

“आई, ते डुक्कर आहे. एवढंच असतं.”

“तू गप्प बस. तूही लहानपणी अस्साच होतास. किती मेहनत घेतली मी!”

तिने स्टूल ओढलं आणि एकेक बिस्किट पुढे करायला सुरुवात केली. सात नंबरने पोटभर खाल्लं आणि नेहमीप्रमाणे ते उठलं.

“उठलास?” आई म्हणाली. “एवढंसं राहिलंय रे, राजा. माझ्यासाठी घे. मला वाईट वाटेल हं.”

सात नंबर दारापर्यंत गेलेलं. ते थांबलं. त्याने मागे वळून आईकडे पाहिलं, बिस्किटाकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. मग हळूहळू परत आलं आणि खुर्चीत बसलं. संचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिथून पुढे प्रगती झपाट्याने झाली. सात नंबरची मान दिसेनाशी झाली. खुर्ची बदलली, मग तीही बदलून रुंद आणली. अंगणात जाणं बंद झालं, कारण दोन पावलांत त्याला धाप लागे. आई आली की मात्र त्या तसल्या शरीरानिशी ते शेपटी हलवायचं. घरी आई मला सुनवायची, “बघ, तो कसा निमूट खातो. नाहीतर तू! तिसऱ्यांदा वाढलं तर तोंड वाकडं करतोस.” डुकराशी स्पर्धा म्हणून मी चौथ्यांदाही घ्यायला लागलो.

आता संसर्गाचा टप्पा. जंतू बाटलीतून यायचे होते, पण त्याआधीच आवक-जावक कारकून ताप घेऊन कामावर आला. रजा मिळाली नव्हती. त्याची रजा नाकारणारं पत्र त्यालाच आवक करून घ्यायचं होतं. तो दिवसभर सात नंबरच्या अंगावर शिंकला आणि सात नंबर आजारी पडलं. संचालकांना आनंद झाला. पण डुकराने काय करावं? ते टेबलाखाली गेलं, आडवं झालं, खाणं सोडलं आणि झोपलं. आई किती विनवण्या करत होती, पण ढिम्म हललं नाही. काही दिवसांनी उठलं ते चांगलं टवटवीत.

बैठकीत यावर फार कडक चर्चा झाली. आजारी पडल्यावर झोपणं ही निव्वळ जनावराची खोड आहे आणि ती मानवी परिस्थितीशी विसंगत आहे, असा ठराव झाला. सात नंबरचं टेबलाखाली पडून राहणं ही अनधिकृत गैरहजेरी ठरली. त्याला ताकीद देण्यात आली. ती मी वाचून दाखवली. त्याने ती खाल्ली.

दुसऱ्या खेपेला बाटलीतले जंतू दिले तेव्हा खबरदारी म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी उशा लावून खुर्चीत ताठ बसवलं. समोर कागद ठेवले, आई शेजारी बसली. या वेळी काय खोकलं म्हणून सांगू! आठवडे उलटले तरी खोकला हटेना. शेजारी कारकूनही अजून खोकतच होता. दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर कुठला कोणाचा हे सांगता येईना. संचालकांनी माझी पाठ थोपटली. अंतिम तपासणी सोमवारी ठरली, आणि माझा कायम केल्याचा आदेश टाइप व्हायला गेला.

आईला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. रविवारी जेवताना सांगून टाकलं.

“आई, उद्यापासून तुला यायला नको.”

“का? बदली झाली का त्याची?”

“नाही. तपासणी आहे.”

“मग येतेच. रिकाम्या पोटी नेतील, बावरेल बिचारा.”

शेवटी मी तपासणी म्हणजे काय ते नीट सांगितलं. आई मला वाढायला वाकली होती. तिने डाव परत भांड्यात ठेवला.

“म्हणजे मी त्याला यासाठी भरवत होते?”

“विज्ञानासाठी, आई. आणि माझ्या नोकरीसाठी.”

“आणि तुला?” ती म्हणाली. “तुला कशासाठी भरवलं रे मी?”

 मला बोलता येत नव्हतं, कारण जिना चढून आल्याला बराच वेळ झाला होता तरी माझा श्वास जागेवर आला नव्हता. आई माझ्या छातीकडे बघत होती. वर, खाली, वर, खाली.

“हे असं कधीपासून होतं तुला?”

“साहेबांनाही होतं,” मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. मग तिने मला असा प्रश्न विचारला, जो तिने आजवर कधीच विचारला नव्हता. “बाळा, तुझं पोट भरलं का?” मी विचार करू लागलो. पोट भरलं की कळतं कसं, हेच मला आठवेना.

सोमवारी सगळे आवक-जावक विभागात जमून खुर्च्यांवर बसले. मध्ये सात नंबर. त्याच्यासमोर निरोपाचा मोठा केक. डॉक्टरबाई इंजेक्शन घेऊन उभ्या, चेहरा पडलेला. इतक्यात आई आत आली. पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात रिकामे होते.

ती सात नंबरसमोर वाकली. त्याने केककडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं.

“पुरे झालं रे, राजा,” आई म्हणाली. “माझं चुकलं. ऊठ आता.”

आणि ते उठलं. उशा पडल्या, खुर्ची कलंडली, चारही पाय थरथरले, पण उठलं. डॉक्टरबाईंनी बाजूला होऊन वाट दिली. उघड्या दारातून सात नंबर बाहेर पडलं, धापा टाकत त्याने अंगण ओलांडलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने कायम कर्मचारी म्हणून त्याला सलामही ठोकला.

“अहो, पकडा त्याला!” संचालक ओरडले.

पकडायचं तर कोणीतरी उठायला हवं होतं. मी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने माझ्याकडे पाहिलं आणि तो खोकला. संचालकांनी स्वतः जोर लावून पाहिला, पण खुर्चीचे हात त्यांच्यासोबत वर आले, तेव्हा ते परत बसले. “केक तर कापून घेऊ,” ते म्हणाले.

प्रकल्प मध्येच सोडणं संस्थेच्या परंपरेत बसत नव्हतं. परिस्थिती तीच होती, खुर्ची तीच होती, फक्त खुर्चीतला घटक बदलावा लागला. मला कायमचा आदेश मिळाला : कनिष्ठ सहायक (वराह). कंस काढता आला नाही, कारण पद तसंच मंजूर आहे. खुर्ची मात्र ऐसपैस आहे, हे कबूल करायला हवं. रोज सकाळी माझं वजन होतं. मी एकदा भीत भीत अंतिम तपासणीचं विचारलं.

“छे हो!” संचालक हसले. “तुमच्या बाबतीत आम्हाला काहीच करावं लागत नाही. बसून राहा, आपोआप होतं.”

तेव्हा मी बसून असतो, आणि फावल्या वेळात हे असं लिहितो. तेही प्रकल्पाचाच भाग आहे. तुलनेसाठी दुसरा गट लागतो, स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत, हाताला लागेल इतक्या अंतरावर काहीतरी खायचं ठेवून बसलेला. त्यांना एक लांबलचक गोष्ट वाचायला द्यायची आणि मध्ये कोण उठतं ते बघायचं.

आई रोज संध्याकाळी येऊन दारात उभी राहते. आत येत नाही. “ऊठ रे,” म्हणते, “दार उघडंच आहे.”

“हो गं,” मी म्हणतो, “एवढं संपवतो आणि उठतो.”

तुम्हीही मघाशी तेच म्हणालात. मी नोंद केली आहे.