कापूसराव बसले

"आजवर कुणाच्याही आईने वर्गात नेली नसेल अशी वस्तू मी नेणार आहे," चिमणीच्या आईने जेवताना जाहीर केलं. "मी एक शब्द नेणार आहे."

नवऱ्याचा घास तोंडाजवळच थांबला. "शब्द? पिशवीतून की डब्यातून?"

चिमणीच्या बालवर्गात दर शुक्रवारी कुणाची तरी आई किंवा बाबा येऊन आपल्याला काय येतं ते दाखवत. दातांच्या डॉक्टरांनी उशीएवढा जबडा आणला होता. एकीची आई बस चालवायची, तिने अख्ख्या वर्गाला हॉर्न वाजवू दिला होता. त्या दिवशी घरी येऊन चिमणीने विचारलं, "आई, तुला काय येतं?" आणि भाषाशास्त्रात एम. ए. झालेली तिची आई बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

"मग बाबांना पाठवू या," चिमणी म्हणाली.

"मला कुठे काय येतं?" नवऱ्याने हात झटकले. ऑफिसात तो नेमकं काय करतो, हे त्यालाही धड सांगता यायचं नाही.

म्हणजे तीच जाणार. तिने निवडलेला शब्द होता 'सेट'. दिसायला एवढासा, पण इंग्रजी शब्दकोशात पानंच्या पानं अडवून बसलेला. घड्याळ सेट होतं, केस सेट होतात, जेली सेट होते, कपबशांचा सेट असतो, टेनिसमध्येही सेट असतो. आणि यातल्या बहुतेक पसाऱ्याच्या तळाशी एक साधा, जुना अर्थ, 'बसवणं'. म्हणून ती कुणाला तरी बसवून दाखवणार होती. कुणाला, तर कापूसरावांना.

कापूसराव म्हणजे वर्गाचा कापडी ससा. दर आठवड्याला तो एकेका मुलाच्या घरी पाहुणा जायचा. या आठवड्यात तो चिमणीकडे होता आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर तिने तो दातवाल्या डॉक्टरांच्या मुलीच्या हातात द्यायचा होता. आठवडाभर आईने त्याच्या केसालाही धक्का लागू दिला नव्हता. तो सोफ्यावर असला की नवऱ्याला चहा उभ्याने प्यावा लागे.

बेत असा होता. कुंडीत ओलं प्लॅस्टर घ्यायचं, त्यावर कापूसरावांना अलगद टेकवायचं, ठसा उमटला की उचलून बूड पुसायचं. बसवणंही झालं आणि घट्ट होणंही झालं, एका फटक्यात दोन अर्थ! कापूस भरलेल्या जुन्या मोज्यावर तिने घरी तालीमही केली होती. ती शब्दाच्या इतिहासात शिरली, की नवरा जांभई देत म्हणायचा, "मोजा काढ." मोजा दर वेळी छान निघायचा.

शुक्रवारी ती वर्गात गेली ती ओले रुमाल, मलमपट्टी आणि चिमणीचे जादा कपडे घेऊन. कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे तिने बाईंना दोनदा विचारलं. खिडकीची कडी तपासली. चिमणी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. "माझ्या आईला शब्द येतात," असं तिने केव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

सुरुवात झकास झाली. घड्याळ वाजलं, जेली थरथरली, मुलं खिदळली. तिने प्लॅस्टर कालवलं आणि कापूसराव कुंडीत विराजमान झाले.

"सेट म्हणजे मुळात बसवणं," ती म्हणाली.

दातवाल्यांच्या मुलीने हात वर केला. "मग कपबशांचा सेट कुठे बसतो?"

तिच्या अंगावर काटा आला. एम. ए. झाल्यापासून तिला शब्दाबद्दल कुणीही, काहीही विचारलं नव्हतं. घरात प्रश्न यायचे ते फक्त मोजे कुठे आहेत, असे.

"तीच तर गंमत आहे," ती म्हणाली, आणि तिची गाडी सुटली. "तो सेट वेगळाच आहे गं. दिसायला जुळे, पण दोघांचे आईबाप निराळे. तो आला लॅटिनमधून, फ्रेंचच्या घरी मुक्काम करून. त्याचं मूळ आहे मागोमाग जाणं. थांबा, दाखवतेच. मी किटली. तुम्ही सगळे कप. चला माझ्या मागे."

किटली निघाली. मागून कप निघाले, त्यांच्या मागे बाईसुद्धा बशी होऊन निघाल्या. वरांड्यातून, झोपाळ्याला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपर्यंत. वाटेत तिने फ्रेंच लोकांनी काय केलं ते सांगितलं, लॅटिनवाल्यांनी काय केलं ते सांगितलं. इतकं सुख तिला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. "मोजा काढ" म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं.

वरात परत आली तेव्हा चिमणी थेट कुंडीकडे गेली. तिने ससा ओढला. कुंडीही उचलली गेली.

"आई, कापूसराव उठत नाहीयेत."

आईने ओढून पाहिलं. बाईंनी कुंडी धरली, आईने ससा धरला, काही होईना. ओल्या रुमालांचं अख्खं पाकीट संपलं, कापूसराव फक्त कमरेच्या वर स्वच्छ झाले. तेवढ्यात मुलीला न्यायला दातांचे डॉक्टर आले.

"बाजूला व्हा, चिमणीची आई. हे आमचं रोजचंच काम आहे." त्यांनी बाह्या सरसावल्या, कुंडी गुडघ्यांत धरली आणि सवयीने सशाला म्हणाले, "अजिबात दुखणार नाही हं."

टर्र असा आवाज झाला. डॉक्टरांच्या हातात एक कान आला.

डॉक्टर कानाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हळूच कापूसरावांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मुळं फार खोल गेलीत."

"मग मी आता घरी काय नेऊ?" त्यांच्या मुलीने विचारलं.

चिमणी उठली. सगळ्यांसमोर द्यायचं ठरलं होतं, म्हणून तिने दोन्ही हातांनी कुंडी ढकलत ढकलत तिच्यापुढे नेऊन ठेवली. आईकडे तिने पाहिलंही नाही. डॉक्टर कुंडी कडेवर घेऊन बाहेर पडले. चाळीस वर्षांचा भारदस्त माणूस, आणि खांद्यावरून एककानी ससा मागे बघतोय.

"मी नवा ससा आणून देते," आई बाईंना म्हणाली. "हाही सोडवते, कान शिवते, मी..."

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "शब्द मात्र मुलं विसरणार नाहीत."

त्या चांगुलपणाने बोलल्या, म्हणून तिला जास्तच लागलं.

घरी जाताना चिमणी दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर ती थांबली. आईने घाईघाईने तिचा हात धरला.

"आई, पुढच्या वर्षी बाबांना पाठव."

"अगं पण बाबांना कुठे काय येतं?"

"म्हणूनच," चिमणी म्हणाली.