दहा मायक्रोसेकंदांचा पंचनामा

निर्वात-मापकाचा काटा तिसऱ्या रेघेवर होता. रस्त्याने एस.टी. गेली की तो अर्धी रेघ थरथरे आणि पुन्हा जागेवर येई. विजयमालाबाई रोज पंप लावून गेले चौदा महिने हे पाहत होत्या. त्या काट्याइतकं चोख काम जिल्ह्यात दुसरं कोणी करत नव्हतं.

बाई नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवीत. त्यांचा प्रयोग साधा होता. काचेच्या नळीत विरळ वायू भरायचा आणि त्यातून विजेचे दोन लोट शेजारी-शेजारी सोडायचे. दोघांभोवतीच्या चुंबकीय रेषा मध्ये भेटतात, तुटतात आणि नव्या जोडीने जुळतात. कागदावरच्या गणिताने याला पुष्कळ वेळ लागायला हवा. निसर्ग ते दहा मायक्रोसेकंदांत उरकतो. त्याला एवढी घाई कशाची, हे बाईंना मोजायचं होतं. नळीत भरायचा आर्गन वायू एका प्रयोगापुरताच उरला होता.

१९७२च्या जानेवारीत त्यांनी प्रयोगाच्या परवानगीसाठी अर्ज केला. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने तत्परतेने अकरा जणांची 'रेषा तोड-जोड देखरेख समिती' नेमली. अध्यक्ष कारभारीआण्णा, घोडेगावच्या बैलबाजारातले नामांकित पारखी.

"रेषा कुठं हायेत?" आण्णांनी नळीत डोकावून विचारलं.

"दिसत नाहीत. समजायला सोपं जावं म्हणून मानलेल्या असतात."

"म्हंजी न्हाईतच. मंग तोडायच्या काय?"

हेडक्लार्क छगनरावांनी टिपून घेतलं : अर्जदाराने रेषांबाबत तलाठ्याचा दाखला जोडावा. चार महिन्यांनी दाखला आला : 'सदर रेषांवर कोणाचाही कब्जा आढळून आला नाही.'

मग कालावधीवर चर्चा झाली. दहा मायक्रोसेकंदांत सदस्यांचं चहापान उरकत नसल्याने प्रयोग किमान दहा मिनिटं चालावा, अशी शिफारस झाली. बाईंनी निसर्गाच्या वतीने लेखी दिलगिरी कळवली.

"यंत्र आलेख काढतं. मी त्याचा फोटो देईन," त्या म्हणाल्या.

"बाई, आमी दात बगितल्याबिगर बैल घेत न्हाई. आता काय फोटूचं दात बगायचं व्हय?"

ठराव झाला : दोन पंचांनी प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, अर्जदार पंच धरला जाणार नाही. पंच न मिळाल्यास प्रयोग झाला नाही असं समजून खोली दुष्काळातल्या गुरांच्या छावणीच्या कडब्याला द्यावी. त्याच बैठकीत सुरक्षा-उपसमितीचाही ठराव झाला : ठिणगीचा धोका पाहता सर्व सदस्यांनी प्रयोगाकडे पाठ करून उभं राहावं. दोन्ही ठराव एकमताने मंजूर.

पुढच्या वर्षीच्या मार्चमधल्या त्या दुपारी अकरा सदस्य भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे राहिले. बाहेर कडब्याची गाडी येऊन थांबली होती. खोली झाडणारी झुंबरबाई सदस्य नव्हती. ती केरसुणी धरून दारात उभी राहिली. तिच्या शेजारी, हे वाचत, तुम्ही होतात.

बाईंनी बटण दाबलं. फट्! नळी जांभळी लखलखली. आलेखाच्या यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ उसळून खाली आली, कॅमेऱ्याने ती टिपली.

"जुळल्या!" कधी आवाज न चढवणाऱ्या बाईंनी चक्क गिरकी घेतली. "कागदावरच्यापेक्षा कितीतरी लवकर जुळल्या!"

"आगं माय!" झुंबरबाईने केरसुणी टाकून टाळ्या पिटल्या. "ताई, जांभळं फुटल्यावानी उजेड पडला की!"

आण्णा वळले. "कुणी पाह्यलं?"

"भिंतीला पोपडं आल्यात," एक सदस्य म्हणाला. बाकीच्यांनी दुजोरा दिला.

"म्या पाह्यलं!" झुंबरबाई म्हणाली.

"एक झालं. दुसरं कोन?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. तुम्हाला कुठलाच ठराव लागू नव्हता. डोळे तुमचे उघडे होते, आणि सुरुवातीपासूनचं सगळं तुम्हाला ठाऊक होतं. बाई थांबल्या. काटाही थांबला. पंचनाम्याच्या लचांडात कोण पडतो, म्हणून तुम्ही नुसते गालातल्या गालात हसत राहिलात.

आण्णांनी खाकरून घसा साफ केला. चौदा महिन्यांनी, उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा निर्णय दिला :

"परयोग झाल्याला न्हाई. कडबा आत घ्या."