गांडूळमावशीची बिळं आणि महाराजांची झोप

एका जंगलात एक दलदल होती आणि तिच्या काठावर सिंहमहाराजांची दुपारी झोपायची शिळा होती. आता झोपायला नेमकी दलदलच का, हे मला विचारू नका, मुलांनो. महाराजांनाही कोणी विचारलं नव्हतं.

दलदलीच्या तळाशी, जिथे हवा पोचत नाही, तिथे डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव राहत. कुजक्या पाल्यावर जगायचं आणि मिथेन नावाचा वायू सोडायचा, हा त्यांचा उद्योग. वायू वर निघे. पण काठाच्या मातीत दुसरे इवलेसे जीव टपून बसलेले असत. त्यांना हवा मिळाली की ते हा वायू मटकावून टाकत. बाहेर फारसं काही येतच नसे. त्यामुळे या मंडळींचं नाव जंगलात कोणी ऐकलं नव्हतं.

मातीत हवा जायची ती गांडूळमावशीच्या बिळांतून. मावशीला हे ठाऊक होतं का? मुळीच नाही. ओली माती, पोटभर पाला आणि पोरं जवळ, एवढं असलं की तिला पुरत असे.

एका दुपारी महाराजांच्या कानाशी एक बुडबुडा फुटला. चुकून निसटला होता बिचारा. महाराज दचकून उठले आणि त्यांनी बगळ्याला बोलावलं. बगळा एका पायावर उभा राहून विचार करतो, म्हणून दरबारात तो पाण्यातला जाणकार समजला जाई.

बगळ्याने काठ पाहिला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "महाराज, इथे जमिनीला भोकं आहेत. बुडबुडा भोकातूनच आला असणार."

"भोकं कोणाची?"

"गांडूळमावशीची."

मावशी आली ती आधीच थरथरत. "माझीच आहेत, महाराज. चुकलंच माझं," ती म्हणाली. आपण काय केलं हे तिला कळलं नव्हतं. पण महाराज रागावलेत म्हणजे आपण काहीतरी केलंच असणार, असं तिला वाटलं.

मावशीला पोरांसकट खडकाळ टेकडीवर हाकललं. रेड्यांना हुकूम सुटला की काठ असा तुडवा की एक भोक दिसता कामा नये.

रेड्यांनी मन लावून तुडवला. माती दगडासारखी झाली. पाणी मुरेना, डबकं साचलं. आत हवा जाईना. वायू खाणाऱ्यांचा जीव गुदमरला आणि तळच्या मंडळींना रान मोकळं मिळालं. सगळा काठ बुडबुड, बुडबुड करू लागला.

"हे काय?" महाराज म्हणाले.

"आतलं सगळं बाहेर पडतंय, महाराज. म्हणजे उपाय लागू पडला," बगळा म्हणाला.

"आणि इतकं उकडतंय का?"

उकडत होतं ते त्याच वायूमुळे. तो वर जाऊन जंगलावर गोधडीसारखा पसरला होता. पण त्याला ना रंग, ना वास. बगळ्याने हवा हुंगली आणि सांगितलं, "काही नाही, महाराज. उन्हाळा आहे."

टेकडीवर मावशीची पोरं सुकत चालली होती. मावशी सरपटत दरबारात आली.

"महाराज, पोरं वाळून मरतील हो माझी. थोडी ओली जागा द्या."

"बुडबुडे थांबले की ये," महाराज म्हणाले.

मावशी परत गेली. तिला काठावरून घालवलं म्हणून तर बुडबुडे येत होते, पण हे त्या दरबारात कोणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही. मला तिचं फार वाईट वाटतं.

पुढे गंमत झाली. रोज ऐकून ऐकून महाराजांना त्या बुडबुडीची सवय झाली. तिच्या तालावर त्यांना गाढ झोप लागू लागली. बगळ्याने लगेच तिला राजसंगीत असं नाव दिलं. चांगली झोप झाली की कोणाला तरी माफी द्यायची, असा महाराजांचा रिवाज होता. एका संध्याकाळी त्यांनी मस्त जांभई दिली आणि मावशीला माफ करून टाकलं.

मावशी पोरांना घेऊन कोरड्या कडेने मातीत शिरली. सगळ्यांनी मिळून माती पोखरली. डबकं मुरलं, हवा आत गेली, वायू खाणारे जागे झाले आणि जेवायला बसले. बुडबुड थांबली. जंगलात जरा गार वाटू लागलं.

महाराजांची मात्र झोप उडाली.

"ही आली आणि संगीत बंद पडलं," बगळा म्हणाला. त्याचा बरोबर निघालेला हा पहिलाच अहवाल.

मावशीला पुन्हा हद्दपारीचा हुकूम झाला. या वेळी ती थरथरली नाही. ती म्हणाली, "म्हणजे बुडबुडे मी आणत नव्हते तर. मी थांबवत होते."

"तेच तर म्हणतोय आम्ही. निघ," महाराज म्हणाले.

"निघते, महाराज. पण पोरं खोल गेलीत. ती काही हाक मारून यायची नाहीत."

ती एकटीच टेकडी चढून गेली. पोरांची बिळं इतकी बारीक होती की बगळ्याला ती दिसलीच नाहीत. काठ गार आणि गप्प राहिला.

तेव्हापासून रोज दुपारी बगळा महाराजांच्या उशाशी चोच पाण्यात बुडवून उभा राहतो आणि त्यांना झोप लागेपर्यंत बुडबुडे काढतो.

तात्पर्य: मुलांनो, चांगलं काम खुशाल करा, पण ते गुपचूप करू नका. अधूनमधून एखादा बुडबुडा सोडत जा, म्हणजे तुम्ही जागेवर आहात हे वरच्यांना कळेल. आणि तेही जमत नसेल, तर निदान पोरांना खोल जायला शिकवा.