वेट पेंट की फ्रेश पेंट

माणसाने नेमका शब्द वापरला तर जगातले निम्मे अपघात टळतील, असे माझे ठाम मत आहे. या मतापायी आमचे पुढचे दार दोनदा रंगवावे लागले.

परवा सकाळी रंगारी दाराला हिरवा रंग देऊन चहाला गेला. त्याच दिवशी बायकोची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. त्यासाठी तिने खास क्रीम रंगाचा कोट शिवून घेतला होता.

"अहो, दारावर पाटी लावा," ती आतून म्हणाली. "कोटाला डाग पडला तर मुलाखत गेलीच समजा!"

"मिनिटात लावतो!"

इंग्रजी पाटीला लोक जरा वचकून असतात, म्हणून मी बाहेर पायरीवर बसून पुठ्ठ्यावर 'वेट पेंट' लिहिले. तेवढ्यात शेजारचे निवृत्त प्राध्यापक डोकावले.

"वेट? वेट म्हणजे भिजलेली छत्री. रंगाला फ्रेश म्हणावं."

"फ्रेश म्हणजे पाव, सर! लोक वास घ्यायला येतील."

"हे बघा, हाताला लागतो तो वेट. नुकताच दिलेला, पण लागेलच असं नाही, तो फ्रेश. हा कुठला?" असे म्हणून सरांनी दारावर पंजा टेकवला. पंजा हिरवागार!

"वेट," ते शांतपणे म्हणाले.

"पण खाली सुकत आलाय," मी बोट फिरवून पाहिले. "इथं फ्रेश म्हणता येईल."

इतक्यात वरच्या मजल्यावरचे वकील उतरले. "दोन्ही बाजू तपासल्याशिवाय मी बोलत नाही," म्हणत त्यांनी दोन्ही हात लावले. दार आता बालवाडीच्या भिंतीसारखे दिसू लागले.

आणि मला कोट आठवला! मी झेप घेतली आणि हात पसरून दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"थांब! बाहेर येऊ नकोस! दार वेट आहे! म्हणजे फ्रेश... थांब!"

खिडकीतून आईने डोके काढले. "कुणावर ओरडतोयस? सूनबाई मघाशीच मागच्या दारानं गेली."

"मागच्या? का?"

"म्हणाली, हे पाटी लिहायला बसलेत."

माझा सदरा दारापासून सोडवायला वकील आणि प्राध्यापक दोघे लागले.

रविवारी दार पुन्हा रंगवले. पाटी नव्या मुख्याध्यापिकेने लिहिली: 'हात लावू नका.'