गँगरीनराजाला शिव्या का पडल्या नाहीत

एपिग्मेनियो बुस्तोस यांच्या मते पुएब्ला शहरात बघण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या. एक ज्वालामुखी आणि दुसरे ते स्वतः. त्यातही ज्वालामुखी अधूनमधून ढगाआड जाई, बुस्तोस कधीच जात नसत. वीज कंपनीत मीटर वाचण्याची नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि आता घरबसल्या गुप्तहेर झाले होते. त्यांच्या भाषेत सांगायचं तर, लोकांच्या घरात अधिकृतपणे डोकावण्याचा जन्मभराचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, आणि बुद्धीला उपमाच सापडत नसल्यामुळे तिथे ते नुसता हात हलवत. पोट मात्र त्यांचं स्वतःचं होतं आणि डॉक्टरांना ते पसंत नव्हतं.

"माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही," ते समोरच्या पाहुण्याला सांगत होते. हे खरंच होतं. त्यांच्या हाती अजून एकही लागला नव्हता.

पाहुणा खुर्चीत अंग चोरून बसला होता. अंगात कोट, गळ्यात टाय, मांडीवर छत्री आणि डोक्यावर हनुवटीपर्यंत ओढलेला हिरवा मुखवटा. मुखवट्यावर पिवळ्या पुवाचे ओघळ, भरतकाम केलेले. मुखवट्याचे पैलवान चारचौघांत मुखवटा काढत नाहीत, बँकेत नाही आणि न्हाव्याकडेही नाही, त्यामुळे त्याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. नवल वाटलं ते मुखवट्याच्या भोकांतून पाणी गळत होतं त्याचं.

"साहेब, मी संपलो," रेय गांग्रेना म्हणाला. रेय म्हणजे राजा, आणि गांग्रेना म्हणजे गँगरीन, डॉक्टर ज्याला घाबरतात तेच.

"कुणी मारलं?"

"मारलं असतं तर चाललं असतं. टाळ्या वाजवल्या हो."

बुस्तोस गंभीर झाले. त्यांचा मेहुणा आणि साहाय्यक नाबोर दाराशी उभा होता, तो खाली बघू लागला. नाबोरकडे टॅक्सी होती, म्हणून तो साहाय्यक होता.

प्रकरण असं होतं. रविवारची कुस्ती सगळा देश टीव्हीवर बघतो. त्यात एक भला असतो आणि एक दुष्ट. भल्याने सुंदर उड्या मारायच्या, दुष्टाने पाठीमागून खुर्ची हाणायची आणि लोकांनी दुष्टाच्या आईचा उद्धार करायचा, असा सगळ्यांचा सुखाचा संसार. गांग्रेना बावीस वर्षं दुष्ट होता. पण गेल्या रविवारी, अर्धी कुस्ती झाली असताना, लोक एकाएकी हसले, मग उभे राहिले आणि त्याच्या नावाचा जयघोष करू लागले. तेव्हापासून रस्त्यात बायका त्याला पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला सांगत होत्या.

"या रविवारी वर्षाची सगळ्यात मोठी कुस्ती आहे," गांग्रेनाने नाक ओढलं. ते मुखवट्याच्या आतून ओढणं कठीण असतं. "त्यात शिव्या पडल्या नाहीत, तर सोमवारपासून मालक मला चांगला माणूस करणार आहेत. पांढरा मुखवटा शिवायला टाकलाय. त्यावर इंद्रधनुष्य आहे."

"अरेरे," नाबोर म्हणाला.

"माझे वडील आखाड्यात टायफस होते, साहेब. त्या जीवघेण्या तापाचंच नाव. जन्मभर शिव्या खाल्ल्या, एक टाळी म्हणून घेतली नाही. जाताना माझा हात धरून म्हणाले, पोरा, घराण्याचं नाव राख." त्याने टायच्या टोकाने मुखवटा टिपला. "माझ्यावर कुणी डाव साधलाय ते शोधून काढा. तुम्ही तर पहिल्या रांगेत होतात."

"होतो. आणि माझं बारीक लक्ष होतं," बुस्तोस म्हणाले. कशावर, ते त्यांनी सांगितलं नाही. "पण तुम्ही स्वतः टीव्हीवर काय पाहिलंत?"

"मी स्वतःची कुस्ती कधी बघत नाही. वडील म्हणत, जो स्वतःला बघतो तो देखणा व्हायला लागतो."

बुस्तोसना हे पटलं. त्यांनीही ती बघितली नव्हती, पण त्यांचं कारण वेगळं होतं. रविवारी रात्री ते घरी परतले तेव्हा बायकोने, दोमितिलाने, टीव्हीवर चादर टाकलेली होती. "बिघडलाय," एवढंच ती म्हणाली आणि त्यांच्यापुढे उकडलेला चायोते ठेवला. चायोते ही भाजी दुधीभोपळ्याची गरीब बहीण आहे. सोमवारी तोच, मंगळवारी तोच. खाणाऱ्या कुणालाही, अगदी कुत्र्यामांजरालाही, 'सावकाश होऊ द्या' म्हणायची पुएब्लात रीत आहे, पण ताट ठेवताना दोमितिला तेही म्हणेना. बुस्तोसनी या सगळ्याची नोंद 'स्त्रीस्वभाव' या सदराखाली मनात केली आणि विषय मिटवला.

"दाजी," टॅक्सीत बसताना नाबोर म्हणाला, "गेल्या रविवारी तुम्ही स्वतःच..."

"नाबोर, गाडी तुझी, निष्कर्ष माझे."

"बरं. ताईनंही बजावलंय, तुम्ही आपण होऊन कबूल करेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

हे वाक्य बुस्तोसनी ऐकलं नाही, कारण ते विचार करत होते. रेडिओवर तीन तज्ज्ञ बोलत होते. एकाच्या मते जनता चांगुलपणाला विटली होती. दुसऱ्याच्या मते भल्या पैलवानाची तुमान फार घट्ट होती. तिसरे प्राध्यापक होते. "तो क्षण आपण सर्वांनी पाहिला," ते म्हणाले, "पण तो क्षण म्हणजे मध्यमवर्गाने हिंसेशी केलेला तह आहे, हे किती जणांनी पाहिलं?" बाकीचे दोघे गप्प झाले, बहुधा त्यांनी पाहिलं नसावं. कोणता क्षण, ते कुणीच सांगत नव्हतं. ज्याअर्थी सगळ्यांनी पाहिला होता, त्याअर्थी सांगायची गरज नव्हती. बुस्तोसनी रेडिओ बंद केला. अडाणी माणसं त्यांना सहन होत नसत.

पहिला संशय अर्थातच प्रतिस्पर्ध्यावर, म्हणजे लुसेरोवर. बुस्तोस तालमीत शिरले तेव्हा चंदेरी मुखवट्यातला लुसेरो मानेला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता.

"टाळ्या वाजवायला किती माणसं विकत घेतलीस?" बुस्तोसनी थेट विचारलं.

"त्याच्यासाठी? माझी मान त्याने मोडली आणि माझी सख्खी आत्या त्याची तब्येत विचारतेय," लुसेरो म्हणाला. मग त्याने बुस्तोसना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तो गालात हसला. "बरं साहेब, सावकाश होऊ द्या."

बुस्तोस चमकले. त्यांच्या हातात खायला काहीच नव्हतं.

तिथून ते सोलेदादआजीकडे गेले. आजी आखाड्यातली सर्वांत जुनी प्रेक्षक. दर रविवारी पहिल्या रांगेत बसून ती गांग्रेनाच्या सात पिढ्या उद्धरायची आणि जवळ आला की छत्रीने बदडायची. गांग्रेना तिच्या छत्रीचे वळ मोठ्या अभिमानाने दाखवत असे. आज आजी हिरव्या लोकरीचा गळपट्टा विणत होती.

"कुणासाठी?"

"त्या गांग्रेनासाठी हो. उघड्या मानेने फिरतो बिचारा. आईने वळण चांगलं लावलंय हो पोराला, आजकाल कुठे बघायला मिळतं." मग तिने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हीपण तसे वाईट नाही. भरल्या तोंडाने का होईना, उत्तर दिलंत."

"कोणाला?"

"इश्श. सावकाश होऊ द्या," आजी म्हणाली आणि तोंडाला लोकर लावून हसत सुटली.

बाहेर आल्यावर पाववाला म्हणाला, "सावकाश होऊ द्या, साहेब." वाहतूक पोलीस तेच म्हणाला. धर्मगुरूंनी दुरून क्रूसाची खूण केली आणि तेही तेच म्हणाले. जेवण कुणाच्याच हातात नव्हतं. बुस्तोस टॅक्सीत कोसळले.

"नाबोर, ही संघटना आहे. 'सावकाश होऊ द्या' हे त्यांचं सांकेतिक वाक्य. चर्चपर्यंत हात पोचलेत."

"दाजी, तसं नाहीये ते. तुम्ही सेमिता खात..."

"सेमिताचा संबंध नाही!" बुस्तोस गरजले. या एका विषयावर ते नेहमीच हळवे असत. डॉक्टरांनी बंद केल्यापासून त्यांनी सेमिताला, म्हणजे मांस भरलेल्या त्या जाडजूड पावाला, शिवलंही नाही, असं त्यांनी दोमितिलाला शपथेवर सांगितलेलं होतं. "आणि सूत्रधार कोण? सगळे एकाच व्यक्तीचं नाव घेतात. त्याची आई."

शनिवारी दुपारी बुस्तोसनी गांग्रेनाला घरी बोलावलं. रहस्याचा उलगडा दिवाणखान्यात, सगळ्यांना बसवून करायचा असतो, यावर त्यांची श्रद्धा होती. सगळे म्हणजे गांग्रेना, नाबोर आणि स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी असलेली दोमितिला. टीव्हीवर चादर होतीच.

"तुमच्या मातोश्री," बुस्तोस गर्रकन वळले, "या गुप्त संघटनेच्या प्रमुख आहेत."

"साहेब, आईला जाऊन नऊ वर्षं झाली."

बुस्तोसनी जाणत्यासारखी मान डोलावली. "पुरावा नष्ट करण्याची ही जुनी पद्धत आहे."

"जेवून घ्या आधी," दोमितिला म्हणाली आणि तिने त्यांच्यापुढे चायोते आदळला. बुस्तोसनी निमूटपणे घास घेतला. गांग्रेनाचा मात्र धीर सुटला होता. उद्याचा दिवस, आणि परवापासून इंद्रधनुष्य. तो छत्री घेऊन उठला, खांदे पाडून दाराकडे निघाला. टेबलाजवळून जाताना त्याची पावलं जराशी मंदावली, मान लवली.

"सावकाश होऊ द्या," तो हळूच म्हणाला.

"आभारी आहे," बुस्तोस भरल्या तोंडाने म्हणाले.

नाबोर ताडकन उठून उभा राहिला.

"बघितलंत?" दोमितिला म्हणाली. "हेच. गेल्या रविवारी अस्संच."

तिने चादर ओढून काढली आणि टीव्ही लावला. तो उत्तम चालत होता. आठवडाभर सगळे वाहिनीवाले तासातासाला तोच तुकडा दाखवत होते, त्यामुळे फार थांबावं लागलं नाही. पडद्यावर गांग्रेना लुसेरोची मुंडी बगलेत दाबून, दुसऱ्या हातात लोखंडी खुर्ची उगारून, प्रेक्षकांतून वाट काढत येत होता. पहिल्या रांगेत एक लठ्ठ गृहस्थ सेमितात नाकापर्यंत बुडलेले. तिळाचा पाव, आत तळलेलं मांस, अवोकाडो, आणि चीजची तार हनुवटीवरून लोंबतेय. गांग्रेना त्यांच्यापाशी आला, थबकला, मान लववून अदबीने म्हणाला, "सावकाश होऊ द्या." गृहस्थ म्हणाले, "आभारी आहे." मग गांग्रेनाने लुसेरोच्या पाठीत खुर्ची घातली.

"थांबवा," बुस्तोस पडद्याला नाक लावून म्हणाले. "हा माणूस कोण? चेहऱ्यावरूनच अधाशी वाटतो. कटाचं मूळ इथे आहे."

दोमितिलाने त्यांच्यासमोर भिंतीवरचा आरसा आणून ठेवला.

बुस्तोसनी आळीपाळीने पडदा आणि आरसा पाहिला. "दोमितिला," बुस्तोस शेवटी म्हणाले, "अर्धीच खाल्ली होती."

पण गांग्रेनाकडे बघवत नव्हतं. तो खुर्चीत मटकन बसला होता. "मला आठवतही नाही हो, म्हटल्याचं. आईने लहानपणी इतकं घोटून घेतलं की कुणी खाताना दिसलं की आपोआप निघतं तोंडातून. उद्या पण निघेल. हजारो माणसं खात असतात तिथे. वडिलांना काय तोंड दाखवू?"

एरवी कोट घालून बँकेच्या रांगेत उभं राहणाऱ्या ज्या माणसाने पोटासाठी बावीस वर्षं वाईट माणूस होऊन दाखवलं, त्याचं दुःख बघून दोमितिलाचा राग निवला. तिने त्याला पाणी दिलं. मग नवऱ्याकडे बघितलं आणि तो परत चढला.

"खाणाऱ्याला सावकाश म्हणावं लागतं ना?" ती म्हणाली. "मग खाणं त्याच्या हातात ठेवूच नका. यांना उद्या त्याच खुर्चीत बसवा, हातात सेमिता द्या, आणि तोंडाशी नेली की हिसकावून घ्या. माझ्या आशीर्वादाने."

"शेवटी मला आमिष म्हणून..." बुस्तोस म्हणाले आणि मग विचारात पडले. "सेमिता चिकनची की पोर्कची?"

रविवारी आखाडा खचाखच भरला होता. गांग्रेना लुसेरोला फरपटत पहिल्या रांगेपाशी आणू लागला तसे लोक आधीच हसू लागले. कुणीतरी 'सावकाश होऊ द्या' असा फलकही उंचावला होता. सोलेदादआजी गळपट्टा मांडीवर घेऊन बसली होती. मालक पांढरा मुखवटा घेऊन कडेला उभे. कॅमेरा बुस्तोसांच्या हनुवटीजवळ आला. त्यांनी तोंड उघडलं.

गांग्रेना थबकला. त्याची मान सवयीने लवू लागली, ओठ हलले. सगळा आखाडा कानात प्राण आणून थांबला. आणि मग त्याने हात लांब करून सेमिता ओढून घेतली आणि तिचा मोठा लचका तोडला.

खुर्चीने डोकं फोडणं वेगळं, ती कला आहे. पण खाणाऱ्याच्या तोंडचा घास काढणं? मग छतच कोसळलं म्हणायचं. असा शिव्यांचा पाऊस त्या आखाड्याने टायफसच्या काळातही पाहिला नव्हता. आजोबांना न माहीत असलेल्या शिव्या नातू देत होते. सोलेदादआजीने गळपट्टा पायाखाली तुडवला आणि छत्री उचलली. मालकांनी पांढरा मुखवटा गुपचूप खिशात कोंबला.

या गदारोळात रिकाम्या हातांनी बसलेले बुस्तोस समोर बघत होते. समोर एक माणूस खात होता. त्यांच्याही आईने त्यांना वाढवलं होतं.

"सावकाश होऊ द्या," ते म्हणाले.

हिरवा मुखवटा खाली वाकला, अगदी त्यांच्या कानाशी आला. भोकांतले डोळे डबडबलेले होते. भरल्या तोंडाने तो दोन शब्द बोलला आणि लगेच वळून पाठीवर छत्रीचे वार घेऊ लागला. टीव्हीच्या माइकला फक्त चघळणं ऐकू आलं.

बुस्तोस घरी पोचले तेव्हा अर्धी गल्ली दिवाणखान्यात जमली होती. "वाकून कानात काय म्हणाला तो हलकट?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

ज्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवली नाही, मीटरचे आकडेसुद्धा शेजाऱ्यांना सांगितले, त्या बुस्तोसनी छताकडे पाहिलं. "आईवरून शिवी दिली," ते म्हणाले.

गल्ली समाधानाने चरफडत निघून गेली. दोमितिलाला नवऱ्याची छताकडे जाणारी नजर चांगली ठाऊक होती. तिने उकडलेला चायोते आणून त्यांच्यापुढे ठेवला, त्यावर कुणी बघत नाही असं पाहून चीजचा एक तुकडा किसला.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली.