बर्फ लावलेला कॉम्प्युटर

"सायेब, आता सांगतो ते तुमाला खरं वाटायचं न्हाय," असं म्हणून बाबाजी नाखव्यांनी खुर्ची पुढे ओढली. "थळात कुणालाच खरं वाटत न्हाय. पन माज्या या डोळ्यांदेखत झालेलं हाय."

साहेब म्हणजे हर्षद. न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर भरून पाठवणारी एक कंपनी आहे, तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्याच्याकडे. पनवेलहून तो सकाळीच निघाला होता आणि आता थळ या कोळ्यांच्या गावात बाबाजींच्या पडवीत मांडी घालून बसला होता. समोर कंपनीचा काळा, ऐसपैस कॉम्प्युटर एका बाजूने उघडून ठेवलेला, आणि हर्षद त्याच्या पोटातून तांदूळ काढत होता. एखाददुसरा दाणा असता तर गोष्ट वेगळी. एका माणसाचं जेवण होईल एवढे तांदूळ निघाले होते आणि अजून निघतच होते.

"काका, बाकीचं नंतर. आधी या राइसचं सांगा."

"पूजा!" बाबाजी म्हणाले. विचार करायला म्हणून त्यांनी वेळ असा घेतलाच नाही. "नवीन होडी आनली तर आपन पूजा करतो. नवीन मशीन आनलं तर करायची न्हाय? हळद, कुंकू, फूल आनि अक्षता."

"एवढ्या अक्षता?"

"सून लाडकी हाय."

लाडकी सून हेमाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासऱ्यांकडे बघायचं नाही असा निश्चय तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आता वाचकांपासून लपवण्यात काय अर्थ? पूजाबिजा काही झाली नव्हती. झालं होतं ते असं.

हेमाली कंपनीसाठी घरून काम करायची. कुठल्या कंटेनरमध्ये कुठला माल कसा रचायचा, खाली जड काय, वर हलकं काय, याची चित्रं ती कॉम्प्युटरवर काढायची. त्या कामाला मोठा कॉम्प्युटर लागतो, म्हणून कंपनीने तो घरी आणून दिला. पण काम जोरात आलं की त्याचा पंखा असा घरघरायचा, की कॉलवर पलीकडचा साहेब विचारायचा, "मॅडम, तुम्ही बोटीत बसलाय का?" मग हेमालीने स्क्रीन आतल्या खोलीत ठेवला आणि मधल्या खिडकीतून वायरी काढून तो काळा डबा पडवीत बाबाजींच्या खुर्चीशेजारी मांडला.

"बाबा, याच्याकडे जरा लक्ष ठेवा," ती म्हणाली होती. "आत प्रोसेसर असतो. म्हणजे याचं डोकं. ते काम करताना तापतं. सत्तर-पंचाहत्तर डिग्रीपर्यंत चालतं. पंच्याण्णवला गेलं की घाबरून हळू चालतं आणि शंभरला आपोआप बंद पडतं."

एवढं ऐकून दुसरा कोणी मान डोलावून पेपर वाचत बसला असता. पण दिवस मासेमारी बंदीचे होते. बाबाजींची होडी किनाऱ्यावर ताडपत्री पांघरून पडली होती आणि बाबाजी घरात. ज्याने सगळा जन्म वारा आणि भरती-ओहोटी बघण्यात घालवला, त्याला बघायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी प्रोसेसर बघायला घेतला.

हेमाली आतून आकडा सांगायची. "बाबा, बासष्ट!" बाबाजी तो पडवीतून रस्त्यावर जाहीर करायचे. शेजारची सत्यवती चिंबोऱ्या घेऊन निघाली की ती आधी विचारायची, "नाखवा, आज किती?" आणि बाबाजी गंभीरपणे म्हणायचे, "अडुसष्ट. पन दुपारी चढेल."

आणि दुपारी चढायचाच. रोज. जेवणं झाली की आकडा ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. चहाच्या वेळेला पुन्हा मुकाट खाली. का, ते कोणाला कळेना. एकदा पंच्याण्णववर गेला आणि हेमालीच्या चित्रातला कंटेनर अर्धा भरून तसाच लटकला. त्याच दिवशी कंपनीच्या साहेबाने तिला सांगितलं, "मॅडम, तुमच्या घरी मशीन टिकत नसेल तर ऑफिसला येऊन काम करा."

हे वाक्य बाबाजींच्या छातीत गळासारखं अडकलं. मुलगा निकेश न्हावा शेव्यालाच बंदरात कामाला. तो आठवड्याला एकदा घरी यायचा आणि दर वेळी उरणला खोली घेऊ म्हणून हेमालीच्या मागे लागायचा. घरून काम आहे, या एका कारणावर ती थळात टिकून होती. ती गेली की घरात उरणार नीराबाई आणि बाबाजी. नीराबाईंनी बाबाजींच्या सगळ्या गोष्टी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच ऐकून संपवल्या होत्या आणि त्यातल्या एकीवरही त्यांचा विश्वास नव्हता. हेमाली मात्र दर वेळी विचारायची, "मग काय झालं बाबा?" असा श्रोता उरणला जाऊ द्यायचा?

बाबाजी कामाला लागले. आधी टेबलफॅन लावला. मग डबा उचलून विटांवर थोडा उंच केला. आकडा ऐकेना. तेव्हा त्यांना वाटलं, आपण उगाच शिकलेल्या लोकांसारखं करतोय. तापू नये म्हणून जी वस्तू जपायची असते तिचं काय करतात, हे थळात कोणाला शिकवायला हवं?

नाक्यावरच्या सोडावाल्याकडून त्यांनी बर्फाची लादी आणली. होडीवरचा प्लास्टिकचा क्रेट घेतला. तळाला फोडलेला बर्फ पिशव्यांत भरून पसरला, त्यावर कॉम्प्युटर आडवा निजवला, कडेने पिशव्या खोचल्या आणि वरून ओलं गोणपाट टाकलं. सरंगा माशाची पेटी मुंबईला पाठवतानासुद्धा त्यांनी इतकी माया केली नव्हती.

"बाबा, सत्तर!" आतून हाक आली. "बाबा, पंचावन्न! बाबा, अडतीस! काय केलंत तुम्ही?"

"अनुभव!" बाबाजी पडवीतून ओरडले.

"बाबा, सव्वीस! बाबा..."

पुढचा आकडा आलाच नाही. गोणपाट उचललं तर डबा आतून-बाहेरून घामाने निथळत होता. हिमालयात जाऊन आल्यासारखा. आत हेमालीचा स्क्रीन काळा.

ती रडवेली होऊन कंपनीला फोन करायला रेंजसाठी मागच्या अंगणात गेली. तेवढ्यात नीराबाईंनी डोकं चालवलं. सत्यवतीचा मोबाइल टबात पडला होता, तो तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर वाचला होता. मोबाइलला डबा, तर याला पिंप. दोघांनी मिळून वायरी सोडवल्या, कॉम्प्युटर उचलला आणि वर्षाच्या तांदळात गळ्यापर्यंत पुरला. त्या संध्याकाळी नीराबाई भाताला तांदूळ काढायला गेल्या तर वाटी आत घातली की ठण्‌ण वाजायचं. बाकी कॉम्प्युटरने काही त्रास दिला नाही.

तर हे तांदूळ ते.

हर्षदने ते सगळे काढले. ब्रशने पंख्याच्या फटी झाडल्या. गरम हवेच्या यंत्राने सगळं सुकवलं. मग प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावलेलं जुनं, वाळलेलं मलम पुसून नवीन लावलं. बाबाजी श्वास रोखून बघत होते. बटण दाबलं. पंखा फिरला आणि आतून हेमाली जवळजवळ किंचाळलीच, "चालू झाला!"

"तसं टेन्शन नसतं काका," हर्षद हात पुसत म्हणाला. "प्रोसेसर शहाणा असतो. जळायच्या आधी स्वतःच बंद होतो. बर्फाबिर्फाचं पाणी आत गेलं तर मात्र वाट लागते. तसं काही केलं नव्हतं ना कोणी?"

"बर्फ? छे!" बाबाजी म्हणाले. "आमी कोळी मानसं. बर्फ मासळीला लावतो."

"गुड. पण माझं खरं काम वेगळंच आहे." त्याने लॅपटॉप उघडला. "हा गेल्या महिन्याचा रेकॉर्ड. रोज दुपारी बघा, असा डोंगर. मग उतार. हे का होतं ते मला वर कळवायचंय. मशीनमध्ये काही खराबी असती तर बदलून दिली असती. वापरणाऱ्याची चूक असेल तर समजावून सांगतो, विषय संपला. पण जागेचाच दोष असेल तर माझ्या हातात काही नाही. मशीन ऑफिसला आणि मॅडमही."

त्याने 'जागेचाच दोष' म्हटलं ते बाबाजींच्या कानात शिरलं नाही. 'वापरणाऱ्याची चूक' मात्र बरोबर शिरलं. वापरणारी म्हणजे हेमाली. तिच्यावर ठपका येऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांनी धरलं, आणि थळच्या वाऱ्याला हात घातला.

"सायेब, तिची काय चूक? चूक या वाऱ्याची! खांदेरी बेटाच्या अंगानं दुपारचा जो वारा सुटतो ना, तो तुमच्या पनवेलला कळायचा न्हाय. पाऊस थांबला की आग! परवा माज्या होडीचं डांबर वितळून वाळूत उतरलं. चिंबोऱ्या बिळातून निघतात त्या लालच निघतात, शिजून! मीठ-मसाला तेवढा आपन लावायचा. सत्यवतीनं दोरीवर ओलं लुगडं टाकलं, घरात वळून परत आली तर इस्त्री झालेली! काय समजलात?"

"रोज दुपारीच?"

"जेवनं झाली की सुरू. चहाच्या वक्ताला बंद. घड्याळ लावून घ्या."

हर्षद लॅपटॉपकडे बघायला लागला. मग बाबाजींकडे. मग परत लॅपटॉपकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर उमटला.

"काका, परफेक्ट मॅच होतंय! डोंगर जेवणानंतरच सुरू होतो, चहाच्या वेळी संपतो. तुम्ही म्हणता तोच वारा."

जन्मात पहिल्यांदा बाबाजींच्या थापेला पुरावा मिळाला होता. ते क्षणभर सुखावले. पण हर्षदने खिशातून फोन काढला.

"म्हणजे जागेचाच दोष. सांगतो सरांना, टेम्पो पाठवा म्हणून. मॅडम, तुम्ही सोमवारपासून ऑफिसला आलात तरी चालेल."

हेमालीने दाराची चौकट धरली. बाबाजी खुर्चीतून उठलेच.

"थांबा, थांबा! तसं रोज न्हाय हां. थळ म्हंजे थंड गाव. संध्याकाळी तर शाल लागते!"

"पण दुपारी लाल चिंबोऱ्या..."

"एखादी असते हो लाजाळू! डांबर जुनं व्हतं. लुगडं सुकलंच न्हाय, सत्यवती अजून शिव्या घालते पावसाला." मग बाबाजींनी जे आजवर कधी केलं नव्हतं तेही केलं. "सायेब, मी खोटं बोललो. वाराबिरा काय न्हाय. बर्फसुद्धा मीच लावला. तांदळात पन आमीच पुरलं."

हर्षद समजूतदारपणे हसला.

"काका, कळतं मला. सून घरी राहावी म्हणून तुम्ही आता सारवासारव करताय. कॉम्प्युटर कोणी तांदळात पुरतं का? अक्षतांचं पटण्यासारखं होतं."

बाबाजींना घाम फुटला. प्रोसेसरला बर्फातून काढल्यावर फुटला होता तसाच.

"अवो, आईशप्पथ सांगतो!"

"बरं, मला एक सांगा," हर्षद फोनवर नंबर शोधत म्हणाला. "वारा नाही, तर मग दुसरं काय कारण? दुपारी मशीनजवळ असतं कोण?"

"मी!" बाबाजी छाती पुढे काढून म्हणाले. निदान इथे तरी त्यांना पाय टेकवायला जमीन सापडली होती. "जेवनापासून चहापर्यंत हीच खुर्ची. एक क्षन डोळ्याला डोळा लावत न्हाय. सुनेनं सांगितलंय म्हनून नजर अशी या डब्यावर! माशी बसली तरी मना कळते."

"आणि जवळ काही नसतं? काही ठेवलेलं, झाकलेलं?"

"काय बिशाद! मना दिसलं नसतं?"

"झालं तर मग. तुमच्यासारखा माणूस डोळ्यांत तेल घालून बसलाय आणि काही नाही म्हणतोय, म्हणजे हवाच गरम." हर्षदने फोन कानाला लावला. "हॅलो सर, हर्षद बोलतोय. थळचं मशीन ना, ते..."

"खोटं!"

आवाज स्वयंपाकघरातून आला. हेमालीला बाजूला सारून नीराबाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या. हातातली पळी त्यांनी बाबाजींवर रोखली होती.

"साफ खोटं बोलतात हे, सायेब! फोन ठेवा तुमी! डोळ्याला डोळा लावत न्हाय म्हने! जेवन घशाखाली गेलं की हे या खुर्चीत मान टाकून असे घोरतात, की तुमच्या मशीनचा पंखा चालू हाय का बंद ते कळत न्हाय. जागे असते तर त्याच्या पाठीला, गरम वारा निघतो तिथं लावलेली माजी जवळ्याची टोपली यांना दिसली नसती? रोज दुपारी लावते मी आनि चहा ठेवला की काढते! सादळलेला जवळा या पावसात मी वाळवू कुठं, यांच्या तोंडाच्या वाफेवर?"